वाटूर ते औरंगाबाद : बिऱ्हाडाचा आणि शाळेचा इतिहास

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला शाळेच्या आठवणी लिहायला सांगितले. आठवणी पुष्कळ जण लिहितील, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी नोकरीभर शहरातल्या एका शाळेत इतिहास शिकवला, म्हणून थोडा वेगळा विषय घेतो. गेली पस्तीसेक वर्षे दर मे-जून महिन्यात मला गावाकडून फोन येतात. फोन वेगवेगळ्या घरांतून येतात, पण विचारणे एकच असते : "सर, खोली कुठं बघावी? आन् लेकरू कोणत्या शाळेत घालावं?" हे दोन प्रश्न नेहमी एका दमात येतात. आपल्या भागातल्या माणसांनी या प्रश्नांची उत्तरे कोणत्या काळात कशी दिली, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. जुन्या काळाबद्दल लिहिताना त्या वेळचेच नाव वापरले आहे.)

आमच्या आजोबांच्या पिढीला हे प्रश्न पडलेच नाहीत. वाटूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात होते. सरकारी शिक्षणावर उर्दूची छाप होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. शाळांच्या पायऱ्यांना तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया म्हणत. म्हणजे प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल. वस्तानियापर्यंत पोहोचलेला माणूस पंचक्रोशीत मोजका असे, आणि जमिनीचे उर्दू कागद वाचून घ्यायला लोक त्याच्या ओसरीवर बसून राहत. माझे एक चुलत आजोबा असे होते. त्यांना मराठी पत्र लिहायला अवघड जाई, पण उर्दू दस्तऐवज ते घडाघडा वाचत. हे मी स्वतः पाहिले आहे.

ज्यांना मराठीतून आणि राष्ट्रीय वातावरणात शिकायचे होते त्यांच्यासाठी वाटा थोड्या होत्या. औरंगाबादला १९१५ पासून सरस्वती भुवन होते. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातल्या पुढाऱ्यांचे नाव पुढे या संस्थेशी कायमचे जोडले गेले. आपल्या भागाला जवळची वाट रेल्वेची. परतूरला गाडीत बसले की सेलू लागे, आणि सेलूला १९३९ मध्ये नूतन विद्यालय निघाले. राहायचे कुठे, हा प्रश्न नातेवाईक सोडवत. नातेवाईक नसला तर वार लावून जेवायचे, आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी. ही सोयही सगळ्या जातींच्या मुलांना नव्हती, हे इथे लिहिले पाहिजे. ज्याला वार मिळत नसे त्याची शाळा गावातच संपे, आणि पुष्कळांची ती सुरूच होत नसे.

१९३८ ची वंदे मातरम् चळवळ मी वर्गात शिकवायचो तेव्हा मुले कान देऊन ऐकत. औरंगाबादच्या कॉलेज वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून सुरू झालेले प्रकरण हैदराबादपर्यंत पेटले आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे काढून टाकली गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. शिक्षणासाठी नवे शहर गाठण्याची एवढी मोठी लाट संस्थानाने त्याआधी पाहिली नसावी. पण त्या लाटेत मुले एकटी गेली. कुटुंबाने बिऱ्हाड हलवण्याचा काळ अजून यायचा होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि पुढच्या बारा वर्षांत औरंगाबादचे रूप पालटले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तिथे कॉलेज सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय. १९५६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, १९५८ च्या ऑगस्टमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देवगिरी महाविद्यालय सुरू झाले.

यांपैकी मिलिंदविषयी थोडे अधिक लिहितो. आधी राहायची जागा आणि मग शाळा, हा क्रम तिथे उलटा झाला. नागसेनवनात वसतिगृहे होती, त्यामुळे ज्या मुलाला शहरात कोणी ओळखीचे नाही, ज्याला खोली द्यायला घरमालक आडनाव विचारून नाही म्हणतो, त्यालाही मुक्काम मिळाला. माझ्या वर्गातल्या एका मित्राचा थोरला भाऊ आपल्या गावातून तिथे गेला. तो पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत गेल्याचे मित्र सांगायचा. पुढे १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात दंगली उसळल्या, दलितांची घरे जाळली गेली. अनेक गावांतून कुटुंबे उठून शहराकडे आली. त्यांनी वस्ती कुठे केली? पुष्कळांनी नागसेनवनाच्या आजूबाजूला, भीमनगर-भावसिंगपुऱ्याकडे. आधी गेलेला मुलगा, भाऊ, पुतण्या तिथे होता, आणि तिथे रात्री निवांत झोप लागत होती. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. माझा मित्रही त्याच बाजूला स्थायिक झाला. त्याच्या मुलांच्या शाळेसाठी त्याने कधी मला फोन केला नाही, कारण त्याच्या वस्तीला त्याचे उत्तर माझ्या आधी माहीत होते.

माणसे आपल्यापैकी कोणी तरी आधी गेलेले असते तिथेच जातात, ही औरंगाबादची जुनीच रीत आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, मोगलांच्या काळात तिचे औरंगाबाद झाले आणि भोवती पुरे उभे राहिले. लोक बावन्न पुरे म्हणतात, आकडा सोडून द्या. भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंह हाडाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगाचा, कर्णपुरा बिकानेरच्या कर्णसिंहाचा. दख्खनच्या मोहिमेवर आलेला प्रत्येक सरदार आपला लवाजमा, आपले कारागीर, आपले देव घेऊन आला आणि आपल्या माणसांसह एका बाजूला राहिला. कर्णपुऱ्याची नवरात्रातली यात्रा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तीनशे वर्षांनंतर आपण आलो ते ज्वारीचे पोते आणि स्टोव्ह घेऊन, पण हिशेब फारसा वेगळा नव्हता.

आता आपल्या गावाकडे येतो. मी १९७९ मध्ये दहावी झालो. नवा दहावीचा आकृतिबंध येऊन चारच वर्षे झाली होती. तेव्हा आपला जिल्हा परभणी. दाखले, शिष्यवृत्ती, कचेरीची कामे सगळी तिकडे. त्यामुळे पुढे शिकणाऱ्यांची नजरही रेल्वेच्या रुळांबरोबर परतूर, सेलू, परभणी अशी जायची. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून काढून त्यात आला. हा बदल पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो. आपल्या गावात मात्र लेकरांनी कोणत्या गाडीत बसायचे ते त्याने ठरवले. वाटूर फाटा हा जालना-मंठा रस्त्यावरचा, परतूरचा रस्ता तिथेच फुटतो. जिल्ह्याचे ठिकाण जालना झाल्यावर रेल्वेपेक्षा लाल डबा जवळचा झाला. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असलेले आजही परभणीच्या आठवणी काढतात आणि माझ्यापेक्षा लहान असलेले जालन्याच्या. आमची बॅच मधल्या फटीत पडली.

जालन्यात आपल्या मुलांनी खोल्या केल्या त्या बहुतेक मंठा चौफुलीच्या बाजूला नाही तर बसस्थानकाजवळ. कारण साधे होते. सकाळच्या गाडीने घरून डबा यायचा. आई पहाटे भाकरी थापायची, वडील किंवा धाकटा भाऊ फाट्यावर जाऊन डबा कंडक्टरकडे द्यायचा, आणि जालन्यात मुलगा गाडीची वाट पाहत उभा असायचा. डब्याच्या झाकणावर खिळ्याने नाव कोरलेले असे, शिवाय कापडात गाठ मारायची प्रत्येक आईची पद्धत वेगळी, त्यामुळे डबे बदलत नसत. गाडी चुकली की मेस. मेसला पैसे नसले की दुपारपर्यंत पाणी. कॉलेज कितीही चांगले असो, डबा पोहोचत नाही तिथे खोली करायची नाही, हा नियम होता. घरभाडे, वर्गमित्र, अभ्यासाची शांतता, सगळे त्याच्या खाली.

औरंगाबादपर्यंत डबा पोहोचत नव्हता. तिथे जायचे तर स्वतः रांधायचे, किंवा रांधणारे माणूस सोबत न्यायचे. त्यातूनच आपल्याकडे शिक्षणाच्या बिऱ्हाडाची पद्धत पडली. तिच्याकडे येण्याआधी शहराचे सांगतो, कारण ऐंशीच्या दशकात ते झपाट्याने वाढत होते. सिडकोने पूर्वेला नवे औरंगाबाद आखले, एन-१ पासून एन-१३ पर्यंत, त्यातल्या उत्तरेकडच्या भागाला लोक हडको म्हणू लागले. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत होतीच, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. १९९१ च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आसपास असलेले शहर २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेले. वीस वर्षांत दुप्पट.

जालन्याकडून येणारी बस आधी चिकलठाणा, मग मुकुंदवाडी आणि मग सिडको बसस्थानक असा प्रवेश करते. नकाशावर आपल्या भागातल्या माणसांची घरे मांडून पाहा. मी पाहिली आहेत. ती या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सांडलेली दिसतात : मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, सिडकोचे एन-२, थोडे पुढे गारखेडा. शहराच्या पलीकडच्या टोकाला पडेगाव-मिटमिट्याकडे आपले लोक मला फार थोडे भेटले. ज्यांना नोकरी होती आणि अर्जाचे पैसे भरता आले त्यांनी सिडकोच्या योजनेत अल्प उत्पन्न गटाचे घर घेतले. बाकीच्यांनी बाँड पेपरवर वीस बाय तीसचा प्लॉट घेतला, आधी एक खोली आणि पत्रे, मग जमेल तशी भिंत. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, तोपर्यंत या वस्त्यांना रस्ता, नळ, ड्रेनेज यांतले काय मिळेल याचा भरवसा नव्हता. पाणी किती दिवसांनी येते, हे आजही मी फोनवर आधी सांगतो, शाळेचे मग.

शिक्षणाचे बिऱ्हाड म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना कदाचित सांगावे लागेल. वडील गावात वावर पाहतात, आई लेकरांना घेऊन शहरात दहा बाय बाराच्या खोलीत राहते. पेरणी आणि कापसाच्या वेचणीला ती गावाकडे जाते, तेव्हा थोरली मुलगी स्वयंपाक करते. वडील महिन्या-पंधरा दिवसांनी येतात, बसच्या टपावर ज्वारी, तुरीची डाळ, हंगाम असला तर मोसंबी. एका संसाराच्या दोन चुली होतात आणि खर्चही दोन होतात. या व्यवस्थेवर कोणी ग्रंथ लिहिला असेल तर माझ्या वाचनात नाही, पण मराठवाड्यातल्या निदान दोन पिढ्या तिच्यावर शिकल्या.

आपल्याच गल्लीतले एक कुटुंब सांगतो, नाव देत नाही. १९९३ ची गोष्ट. दोन मुली, एक मुलगा. थोरली सातवी पास झालेली. घरात चर्चा फक्त मुलाच्या शाळेची होती, मुलगी पाठोपाठ येणार म्हणून येणार. आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, मला शाळा मोठी नको. पोरींना जालना रोड ओलांडावा लागू नये, एवढं बघा." जालना रोडवर तेव्हाही ट्रक आणि कंपन्यांच्या बस सारख्या धावत. मी तीन शाळा सुचवल्या होत्या, त्यांतल्या दोन त्या एका वाक्यात बाद झाल्या. उरलेल्या शाळेत आम्ही गेलो. तिथल्या कार्यालयात दाखला पाहून सांगण्यात आले की खेड्यातून आलेल्या मुलांना एक वर्ष मागे बसवण्याची इथली पद्धत आहे, मुलीला पुन्हा सातवीत घाला. आई खुर्चीवरून उठली. "पास झालीय ती," एवढेच म्हणाली आणि दाखला हातातून घेतला. मग आम्ही रस्ता न ओलांडता जाता येईल अशी आणखी एक शाळा शोधली. लहान, पत्र्याची, मैदान नसलेली, फारशी कोणाला माहीत नसलेली. तिथल्या बाईंनी मुलीला फळ्यावर दोन गणिते घातली आणि आठवीच्या वर्गात नेऊन बसवले.

ती मुलगी पुढे परिचारिका झाली. धाकटी शिक्षिका आहे. मुलगा गावी परतला आणि शेती करतो, चांगली करतो. त्या बिऱ्हाडाचा हेतू आणि त्याचे फळ यांचा मेळ काही बसला नाही, पण मुलींपुरते पाहिले तर आपल्या गावात अशी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. मुलाला वसतिगृहात एकटे पाठवता येत होते, म्हणून त्याच्यासाठी आईने गाव सोडण्याची तशी गरज नव्हती. मुली बाराव्या इयत्तेपलीकडे गेल्या त्या मात्र बहुतेक आईने शहरात चूल मांडली म्हणून. माझे हे मत काही जणांना पटत नाही. त्यांनी आपापल्या बॅचमधल्या मुलींची नावे आठवून पाहावीत.

आज कुठल्याही शाळेला असे वर्ष मागे बसवता येणार नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात घेण्याची तरतूद आहे, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. गावाकडून येणाऱ्या पालकांना हे माहीत नसते, म्हणून इथे लिहिले. याच कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. त्या सोडतीत शाळेपासून घराच्या अंतराला महत्त्व आहे, त्यामुळे आता मला वेगळेच फोन येतात : "सर, अमक्या शाळेपासून एक किलोमीटरच्या आत खोली मिळंल का?" पूर्वी बस जिथे थांबे तिथे खोली आणि खोलीजवळ शाळा. आता शाळा ठरवून खोली शोधतात. पण पुरावा म्हणून भाडेकरार लागतो, आणि कराराचे नाव काढले की घरमालक खोली द्यायची नाही म्हणतात. म्हणजे अडचण जिथली तिथे, फक्त कागद बदलला.

माध्यमाबद्दल थोडक्यात. आम्ही इंग्रजीचे पहिले अक्षर पाचवीत गिरवले. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, मग सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले, आणि आता चौथ्या वर्षी मूल इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसते. मला विचाराल तर चौथीपर्यंत गावातच राहू द्यावे. शहरातल्या ज्या शाळेचे नाव इंग्रजी आणि शिकवणे धड कोणत्याच भाषेत नाही, तिथे फी भरण्यापेक्षा वाटूरच्या वर्गात बाराखडी पक्की झालेली बरी. पालक हे शांतपणे ऐकून घेतात आणि इंग्रजी शाळेतच घालतात.

एक गोष्ट स्नेहमेळाव्याला जमलेल्या आपण सगळ्यांनी ऐकायला हवी, कारण आपण बहुतेक जण गाव सोडून गेलेले. शाळेतली शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. जूनमध्ये एका बिऱ्हाडाने तीन दाखले काढले की तीन वर्गांचा पट एकेकाने उतरतो, आणि अशी काही बिऱ्हाडे एका वर्षी उठली की एखादे पदच जाते. मग मागे राहिलेल्या मुलांना गणिताला शिक्षक नसतो, आणि त्यांच्या पालकांना गाव सोडायला आणखी एक कारण मिळते. मागे राहतात ती बहुधा ज्यांच्याकडे दुसरी चूल पेटवण्याची ऐपत नाही त्यांची मुले. मानव विकासच्या निळ्या बस सुरू झाल्यापासून मुलींना परतूरला जाऊन-येऊन शिकणे जमू लागले आहे, फाट्यावरून आता मोठे महामार्ग गेले आहेत. त्यामुळे निदान दहावी-बारावीसाठी बिऱ्हाड हलवायची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही. फोन आला की मी हल्ली आधी विचारतो, लेकरू कितवीत आहे आणि गावातली निळी बस किती वाजता सुटते.

शेवटी एक विनंती. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो. त्यात वर्षानुवर्षे "परगावी गेल्यामुळे" एवढेच लिहिलेले आढळते. कोणत्या गावी, कोणत्या वस्तीत, कोणाच्या ओळखीने, कोणत्या शाळेत, हे त्यात नसते. ज्यांनी ज्यांनी मधूनच दाखला काढला, किंवा दहावीनंतर बाहेर खोली केली, त्यांनी एवढे लिहून पाठवावे : साल, पहिली खोली कुठे होती, भाडे किती, शाळा किंवा कॉलेज कोणते, आणि सोबत घरातले कोण आले होते. चार ओळी पुरेत. आईला विचारून लिहिलेत तर अधिक चांगले, भाडे तिलाच आठवत असेल. कागद मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर द्यावा. मी सकाळपासून तिथेच बसणार आहे.